झाकलेल्या नावामागे कोण?

प्रश्न : मी शिवराई, म्हणजे शिवकाळापासूनची तांब्याची नाणी, जमवतो. अलीकडे एका ऑनलाइन लिलावात एका नाण्यावर मी ४,००० रुपयांची कमाल बोली लावून ठेवली होती; तिथवर संकेतस्थळ माझ्या वतीने गरजेपुरती बोली वाढवत राहतं. भाव २,६०० वर होता आणि पायरी, म्हणजे दर बोलीला किमान वाढ, शंभरची. शेवटच्या दिवशी नाव झाकलेला एक जण २,९००, ३,३००, ३,७०० असा चढत आला, मग त्याने ३,९५० लावले आणि थांबला. लिलाव संपायला तेव्हा पाऊण तास होता. नाणं मला पूर्ण ४,००० ला पडलं. हा विक्रेत्याचाच माणूस असेल का? पैसे अजून भरलेले नाहीत. पुढच्या वेळी बोली कधी लावावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. बोलींची यादी पुन्हा एकदा बघा. तो २,९०० म्हणाला तेव्हा तुमच्या वतीने यंत्रणेने ३,००० केले, ३,३०० ला ३,४००, ३,७०० ला ३,८००. दर वेळी त्याच्यापेक्षा बरोबर शंभर जास्त. पण ३,९५० ला भाव आला ४,०००, म्हणजे फक्त पन्नास जास्त. तुमची मर्यादा संपली हे त्याला तिथेच कळलं. ज्याला नाणं खरंच हवंय, तो आणखी एक पायरी चढून ४,१०० लावतो. हा पाऊण तास हातात असून गप्प बसला. मला हे चांगलं लक्षण वाटत नाही.

पण हा पुरावा नव्हे. त्याचीही मर्यादा ४,००० च असू शकते. गोल आकड्यावर बरेच जण थांबतात. खरं काय ते संकेतस्थळालाच कळेल, कारण आपल्याला नाव झाकलेलं दिसलं तरी खातं कोणाचं हे त्यांच्याकडे नोंदलेलं असतं. तेव्हा यादीचं चित्र जोडून आजच लेखी तक्रार करा आणि नेमकं हेच विचारा : हा बोलीदार याच विक्रेत्याच्या नाण्यांवर वारंवार बोली लावतो का, आणि कधी जिंकतो का? उत्तर येईपर्यंत पैसे भरायला मुदत मागा. वस्तुविक्री कायदा, १९३० चं कलम ६४ इथे तुमच्या बाजूचं आहे. बोली लावण्याचा हक्क राखून ठेवल्याचं विक्रेत्याने आधी जाहीर केलं नसेल, तर त्याने स्वतः किंवा माणूस बसवून बोली लावणं बेकायदा आहे. भाव चढवण्यासाठी खोट्या बोली लावल्याचं सिद्ध झालं तर तो व्यवहार रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला आहे. चौकशीत काहीच निघालं नाही, तर मात्र पैसे भरून नाणं घ्या. ४,००० हा आकडा तुम्हीच ठरवला होता.

नाव झाकण्याची पद्धतच वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. आपलं वर्तुळ लहान आहे. एखाद्या जाणत्या संग्राहकाने बोली लावली हे दिसलं की नाणं अस्सल असणार असं धरून चार जण मागे येतात, आणि त्याच्या अभ्यासाची किंमत त्यालाच मोजावी लागते. अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली ईबे आणि अ‍ॅमेझॉनवरच्या तेव्हाच्या लिलावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ईबेवर शेवटच्या क्षणी येणाऱ्या बोली संगणकांच्या लिलावांपेक्षा पुराणवस्तूंच्या लिलावांत जास्त होत्या. जाणकार आपली पसंती शेवटपर्यंत उघड करत नाहीत, हे त्याचं एक कारण. संग्राहकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात जे टोपणनाव वापरता, ते लिलावात वापरू नका. आणि लिलाव सुरू असताना त्या नाण्याचा फोटो गटात टाकून ‘कसं वाटतं?’ असं तर मुळीच विचारू नका.

बोली कधी लावायची हे लिलाव संपतो कसा यावर ठरतं, म्हणून नियमातली ती ओळ आधी वाचा. घड्याळ ठरल्या वेळी थांबत असेल तर शेवटच्या मिनिटात, एकदाच, आपली पूर्ण रक्कम लावा. तुमची मर्यादा चाचपून बघायला मग कोणाला वेळच उरत नाही. पण शेवटी बोली आली की वेळ वाढत असेल (अ‍ॅमेझॉनवर तेव्हा दहा मिनिटं वाढत), तर थांबून राहण्यात फारसं काही मिळत नाही. तिथे भरवसा फक्त आपल्या आकड्यावर. तो गोल ठेवू नका. ४,००० ऐवजी ४,१३७ लावा. सारख्या रकमेच्या दोन बोलींत सहसा आधीची जिंकते, आणि गोल आकडा आधी कोणीतरी लावलेलाच असतो.

मी नाण्याचे फोटो मोठे करून पाहते आणि लिलाव उघडायच्या आधीच आकडा वहीत पेन्सिलीने लिहिते. कमिशन आणि जीएसटी धरून एकूण किती द्यायचे, ते. शिवराईत हे फार जपावं लागतं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, ही अक्षरं महाराजांनंतरही कितीतरी वर्षं पाडल्या गेलेल्या नाण्यांवर आहेत. दुदांडी (दोन आडव्या रेघांची) शिवराई तर पेशवाईतली. विक्रेते सगळ्यालाच ‘शिवकालीन’ म्हणतात. तुमच्या नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवलेत तर अक्षरांचं वळण आणि कडेचे ठिपके बघून ४,००० रास्त होते का, हे मी कळवीन.