तिसरी-चौथीच्या मुलांना प्राण्यांच्या प्रकल्पातून स्क्रॅच कसं शिकवावं?

स्क्रॅच म्हणजे तयार ठोकळे (ब्लॉक) जोडून प्रोग्राम करण्याची मुलांची भाषा. आधी कागद, मग संगणक. प्रत्येकाने एकच प्राणी निवडावा आणि 3 गोष्टी शोधाव्यात: राहतो कुठे, खातो काय, वाढतो कसा. एका माहितीला एकच वाक्य. परिच्छेद उतरवून आणला तर तो बोलण्याच्या फुग्यात मावत नाही, आणि मुलाला कळलेलाही नसतो.

बेडूक सुरुवातीला उत्तम. अंडी, शेपटीवालं पिल्लू, पाय फुटलेलं पिल्लू, बेडूक असे 4 कॉस्च्यूम, म्हणजे एकाच पात्राची वेगवेगळी चित्रं, मुलांनीच काढायचे. प्रोग्राम सुरू करणाऱ्या हिरव्या झेंड्याच्या ब्लॉकखाली पहिल्या कॉस्च्यूमवर जाण्याचा ब्लॉक, मग ‘2 सेकंद बोला’ आणि ‘पुढचा कॉस्च्यूम’ 3 वेळा, शेवटी बेडकाचं वाक्य.

हमखास चूक म्हणजे सेकंद नसलेला ‘बोला’ ब्लॉक. वाक्यं क्षणात एकमेकांवरून जातात, शेवटचंच दिसतं. मुलं म्हणतात, ‘बाकीचं पुसलं गेलं!’ लगेच दुरुस्त करू नका. ब्लॉक सुटे करून एकेक क्लिक करायला लावा; चुकीचं कारण त्यांनाच सापडतं.

काठावरून परतताना प्राणी उलटा होतो, तेव्हा फिरण्याची पद्धत ‘डावी-उजवी’ करा.

5 ते 7 वर्षांच्या मुलांना मात्र स्क्रॅच ज्युनियर, ही लहानांसाठीची सोपी आवृत्तीच द्या.