खलाशांच्या मुलांचा निधी: वाटायचा, राखायचा की संपवायचा?

प्रश्न: रत्नागिरी जिल्ह्यातील एका मच्छीमार सोसायटीचे सचिव लिहितात: नौका बुडून आमचे सहा खलाशी गेले. त्यांची 11 मुले, वये 2 ते 17. गाव, मुंबईकर मंडळ आणि शेजारची बंदरे मिळून 46 लाख रुपये जमले. काही जण म्हणतात, सारखे वाटे करून मुलांच्या नावे पतसंस्थेत ठेवा, दीड टक्का व्याज जास्त मिळते. काही म्हणतात, ट्रस्ट करा, मुद्दलाला हात न लावता व्याजातून शिष्यवृत्ती द्या. आम्ही काय करावे?

उत्तर: सचिवसाहेब, ट्रस्ट करा, पण मुद्दल राखण्याचा हट्ट सोडा. हा देवस्थानचा निधी नव्हे. सर्वांत धाकटे मूल शिकून बाहेर पडेल, म्हणजे साधारण 20 वर्षांनी, खात्यात फारसे काही उरू नये अशा बेताने तो आखायचा.

7 टक्क्यांनी 46 लाखांचे वर्षाचे व्याज 3.22 लाख, मुलामागे 29 हजार. जवळच्या शाळेत जाणाऱ्याला ते पुरून उरते, वसतिगृहात राहून शिकणाऱ्याला निम्मेही पडत नाही. शिवाय 20 वर्षांनी मुले आपापल्या वाटेला लागलेली असतील आणि 46 लाख तसेच पडून. ते कोणाचे, यावर सोसायटीत भांडण ठरलेले.

सारख्या वाट्यात अडचण अठराव्या वर्षाची आहे. मूल सज्ञान झाले की ठेव त्याची. बारावीचा निकाल लागतो न लागतो तोच हातात रक्कम येते, आणि घरात तेव्हाच बहिणीचे लग्न किंवा सावकाराचा तगादा उभा असतो. कोविडमध्ये आईवडील गमावलेल्या मुलांसाठीच्या पीएम केअर्स योजनेची रचना पाहा: 18 ते 23 या वयात मासिक विद्यावेतन, एकरकमी 10 लाख 23व्या वर्षी.

आणि पतसंस्था नकोच. ठेव विम्याचे 5 लाखांचे संरक्षण बँकेतील ठेवीला असते, पतसंस्थेतील ठेवीला नसते. बँकेतही ते एका ठेवीदाराला, त्या बँकेच्या सगळ्या शाखा मिळून आहे. दीड टक्क्यासाठी अनाथांचे पैसे टांगणीला लावू नयेत.

आता हिशेब. ठेवींवरचे व्याज आणि फी-खाणावळीची महागाई जवळपास सारख्या वेगाने चालतात असे धरा, म्हणजे सगळा हिशेब आजच्या रुपयांत करता येतो. मूलवार यादी करा. तुम्ही दिलेल्या वयांवरून शाळेची उरलेली वर्षे सर्वांची मिळून 83 येतात. वर्षाला 10,000 रुपयांप्रमाणे 8.3 लाख. पुढची चार वर्षे वसतिगृह, मेस, प्रवास, पुस्तके यांसाठी मुलामागे वर्षाला 70,000, म्हणजे 11 मुलांचे 30.8 लाख. बेरीज 39.1 लाख. उरलेले 6.9 लाख नापास वर्ष, आजारपण आणि महागाईचा अंदाज चुकला तर राखीव. दर तीन वर्षांनी हाच तक्ता नव्याने मांडा.

यात फी धरलेली नाही, ती मुद्दाम. उत्पन्न आणि प्रवर्गाच्या अटींत बसणाऱ्या मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे, मुलांसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या योजना आहेत. बालसंगोपन योजनेचे महिना 2,250 रुपये आणि मत्स्यसंपदा योजनेच्या अपघात विम्याचे 5 लाख यांचे अर्ज केले का, तेही घरोघर विचारा. सरकारकडून मिळणारे आधी, निधी त्यानंतर.

गुंतवणूक साधी ठेवा. पहिल्या पाच वर्षांच्या खर्चासाठी 12 लाख, 1 ते 5 वर्षांच्या ठेवींत, दोन-तीन अनुसूचित (रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या) बँकांत. 27 लाख सरकारी रोख्यांत, 6 ते 20 वर्षांनी टप्प्याटप्प्याने मुदत संपेल असे. मुदतीपर्यंत ठेवायचे असल्याने मधल्या चढउतारांची फिकीर नाही. राखीव रक्कम चटकन मोडता येईल अशा ठेवीत. शेअर बाजाराचा आग्रह कोणी धरलाच तर सांगा, सार्वजनिक न्यासाला (ट्रस्टला) कायद्यात दिलेल्या प्रकारांबाहेर गुंतवायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते.

खरी मेख न्यासपत्रात आहे. 11 मुलांची नावे घातलीत तर तो खासगी न्यास ठरेल, आयकरातली सूट आणि देणगीदारांची करसवलत दोन्ही हुकतील. 'तालुक्यात मासेमारी करताना मृत वा बेपत्ता झालेल्यांची मुले' असा वर्ग लिहा. मग उद्या दुसरी नौका बुडाली तर तीही मुले हक्कदार होतील. ही या मार्गाची किंमत आहे आणि ती देणगीदारांना आत्ताच सांगायला हवी.

'बेपत्ता' हा शब्द गाळू नका. दर्यात गेलेल्याचे शव सापडतेच असे नाही, आणि मृत्यू गृहीत धरायला कायदा सर्वसाधारणपणे सात वर्षे थांबतो. तोवर मूल शाळा सोडून जाळ्यावर गेलेले असेल. पोलिसांतली नोंद आणि सोसायटीचा ठराव पुरेसा माना. घटनेच्या वेळी पोटात असलेले मूल धरा. आईने दुसरे लग्न केले तरी मदत थांबणार नाही, हेही लिहा.

देणगीदारांकडून 'कायम निधीसाठी, गरजेनुसार मुद्दलातूनही शिक्षणावर खर्च करावा' असे लेखी पत्र घ्या. मजकूर सीएकडून तपासून घ्या. पत्र नसेल तर देणगी त्या वर्षाचे उत्पन्न धरली जाते आणि तिचा 85 टक्के भाग खर्चावा लागतो, किंवा ठराव करून मुदतीत आयकर खात्याला कळवून जास्तीत जास्त पाच वर्षे साठवता येतो. सुरुवातीला खर्च व्याजापेक्षा कमी राहील, म्हणून व्याजासाठीही असा ठराव करावा लागेल.

वसतिगृहाचे पैसे थेट वसतिगृहाला द्या, शाळेचे आईच्या खात्यात. तारीख मात्र चुकवू नका. 1 जूनला मासेमारी बंद होते आणि त्याच महिन्यात शाळा उघडते, म्हणजे घरात रोकड नसते तेव्हाच वह्या-गणवेश घ्यायचे असतात. वर्षाच्या ठेवीची मुदत मेच्या मध्याला संपेल अशी बांधा.