उशिरा मूल हवे असताना : खासगी वंध्यत्व उपचारांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वय ४१ असून यजमान ४४ वर्षांचे आहेत. धाकट्या भावंडांची शिक्षणे आणि वडिलांचे आजारपण यांमुळे माझे लग्न उशिरा, तीन वर्षांपूर्वी झाले. दीड वर्ष प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, म्हणून आम्ही एका खासगी वंध्यत्व उपचार केंद्रात गेलो. तेथे माझी एएमएच ही स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी झाली आणि ती ०.८ आली. डॉक्टरांशी बोलणे काही मिनिटांतच आटोपले. त्यानंतर तेथील समुपदेशक बाईंनी तीन आयव्हीएफचे (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांचे) एकत्रित पॅकेज समोर ठेवले. आठवड्याच्या आत पैसे भरल्यास मोठी सवलत मिळेल, आणि एवढ्या कमी एएमएचवर थांबणे धोक्याचे आहे, असे त्या म्हणाल्या. यजमान कर्ज काढायला तयार आहेत. मला उपचार हवे आहेत, पण भीतीपोटी निर्णय घेतला जाऊ नये असेही वाटते. आम्ही काय करावे?
– नाव प्रसिद्ध करू नये, नाशिक

उत्तर : आपल्याला एकाच दमात दोन गोष्टी सांगण्यात आल्या आहेत आणि त्या वेगळ्या करून पाहायला हव्यात. वेळ कमी आहे, ही गोष्ट खरी आहे. पस्तिशीच्या आतल्या जोडप्याने वर्षभर प्रयत्न करून मग डॉक्टरांकडे जावे, पस्तिशीनंतर सहा महिन्यांनी जावे आणि चाळिशीनंतर वाट न पाहता तपासण्या सुरू कराव्यात, असाच सर्वमान्य सल्ला आहे. त्यामुळे आपण केंद्रात गेलात हे योग्यच केलेत. मात्र आठवड्याच्या आत पैसे भरायला हवेत, याला वैद्यकीय आधार काहीही नाही. उपचारांपूर्वीच्या आवश्यक तपासण्यांनाच पाळीचे एक पूर्ण चक्र लागते. तेवढ्या अवधीत दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेता येते, हिशेब लेखी मागवता येतो आणि नवरा-बायकोला शांतपणे बोलताही येते. सवलतीची मुदत हा विक्रीचा भाग आहे आणि तिचा आपल्या बीजांडकोशाशी संबंध नाही.

एएमएचचा आकडा ऐकून अनेक स्त्रिया खचून जातात, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. बीजांडकोशात साधारण किती स्त्रीबीजे शिल्लक आहेत आणि इंजेक्शनांना ती कितपत प्रतिसाद देतील, याचा अंदाज ही तपासणी देते. स्त्रीबीजांची गुणवत्ता ती सांगत नाही, आणि नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही, हेही तिच्यावरून ठरवता येत नाही. ४१व्या वर्षी ०.८ हा आकडा कमी असला, तरी या वयाला तो विपरीत म्हणता येणार नाही. गुणवत्ता ठरते ती मुख्यतः वयावर. वय वाढते तसे स्त्रीबीजातील गुणसूत्रांच्या विभाजनात चुका होण्याचे प्रमाण वाढते. त्यामुळे भ्रूण तयार झाला तरी तो रुजत नाही, किंवा रुजला तरी पहिल्या तिमाहीत गर्भपात होतो. चाळिशीनंतर राहिलेल्या गर्भांपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक अशा रीतीने जातात. आयव्हीएफमुळे बंद नलिका टाळता येतात, कमी शुक्राणूंवर मात करता येते, एका महिन्यात अनेक स्त्रीबीजे मिळवता येतात. पण स्त्रीबीजाचे वय मागे नेता येत नाही. ज्या केंद्रात ही गोष्ट आपल्याला पहिल्याच भेटीत स्पष्ट शब्दांत सांगितली गेली नाही, त्या केंद्राविषयी मी सावध राहीन.

यशाचे आकडे विचारताना प्रश्न नेमका विचारावा लागतो. ब्रिटनमध्ये या क्षेत्रावर सरकारी नियामक संस्था देखरेख ठेवते आणि प्रत्येक केंद्राचे निकाल लोकांसाठी प्रसिद्ध करते. तेथील २०१९ सालच्या आकडेवारीनुसार, स्वतःची स्त्रीबीजे वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयात सोडलेल्या दर भ्रूणामागे जिवंत मूल जन्माला येण्याचे प्रमाण ३५ वर्षांखाली सुमारे ३२ टक्के, ४० ते ४२ या वयात सुमारे ११ टक्के आणि ४३-४४ या वयात ५ टक्क्यांच्या आसपास होते. हे प्रमाणही भ्रूण सोडण्यापर्यंत पोहोचलेल्यांचे आहे. आपल्या वयात काही वेळा स्त्रीबीजेच मिळत नाहीत किंवा भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत वाढत नाही, आणि ती जोडपी या हिशेबात येतच नाहीत. म्हणून 'तुमचा यशाचा दर किती?' असे विचारू नये. चाळीस ते बेचाळीस वयाच्या किती स्त्रियांनी आपल्याकडे स्वतःच्या स्त्रीबीजांवर उपचार सुरू केले आणि त्यांपैकी किती जणी मूल घेऊन घरी गेल्या, असे विचारावे. साठ-सत्तर टक्क्यांचा आकडा सांगितला गेला, तर तो बहुधा नुसत्या सकारात्मक रक्ततपासणीचा, तरुण रुग्णांचा किंवा दात्या स्त्रीच्या स्त्रीबीजांवरील उपचारांचा असतो.

आता पैशाविषयी. महाराष्ट्रातील शहरांत एका आयव्हीएफला साधारणपणे दीड ते अडीच लाख रुपये लागतात आणि त्यातला मोठा भाग इंजेक्शनांचा असतो. वैद्यकीय विम्याच्या नेहमीच्या पॉलिसींमध्ये वंध्यत्वावरील उपचार वगळलेले असतात, म्हणून हा खर्च बहुतेकांना खिशातूनच करावा लागतो. पॅकेज दिले जाते तेव्हा त्यात इंजेक्शने, भूल, भ्रूण गोठवणे, त्याचे वार्षिक शुल्क आणि गोठवलेला भ्रूण पुढे गर्भाशयात सोडण्याचा खर्च धरला आहे का, हे लेखी मागावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे 'एक आयव्हीएफ' कशाला म्हणतात, हे विचारावे. स्त्रीबीज मिळालेच नाही, तर ते एक मोजले जाते का? तीनपैकी पहिल्याच वेळी दिवस राहिले, तर उरलेली रक्कम परत मिळते का? दुसऱ्या वेळेनंतर आपण थांबायचे ठरवले, तर काय?

माझे स्पष्ट मत असे आहे की आपण एका वेळी एकाच आयव्हीएफचे पैसे भरावेत आणि तेही शक्यतो कर्ज न काढता. याला केवळ व्यवहाराचे कारण नाही. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आठ ते बारा दिवस इंजेक्शने घेऊन, स्त्रीबीजे पक्व करणाऱ्या शेवटच्या 'ट्रिगर' इंजेक्शननंतर सुमारे ३४ ते ३६ तासांनी स्त्रीबीजे काढली जातात, तेव्हा बीजांडकोशाने किती प्रतिसाद दिला, किती स्त्रीबीजे पक्व होती, किती फलित झाली आणि भ्रूण कोणत्या दर्जाचे झाले, हे प्रथमच कळते. दुसऱ्यांदा जावे की नाही, औषधांची पद्धत बदलावी की नाही, याचा निर्णय त्या माहितीच्या आधाराने घ्यायचा असतो. तिन्ही वेळांचे पैसे आधीच गुंतवले की माणूस केवळ पैसे वाया जाऊ नयेत म्हणून पुढे जात राहतो.

त्यापूर्वी काही तपासण्या व्हायला हव्यात. आपल्या पत्रात यजमानांच्या वीर्यतपासणीचा उल्लेखच नाही. ती पहिल्याच आठवड्यात होणे आवश्यक होते. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांतली योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी, गर्भनलिकांची तपासणी, थायरॉइड, साखर, रक्तदाब, थॅलेसेमियासाठी हिमोग्लोबिनची तपासणी आणि रुबेलाची प्रतिकारशक्ती याही पाहाव्यात. फोलिक अॅसिडची रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आजपासूनच सुरू करायला हरकत नाही. आययूआय, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार, आपल्या वयात फारसे यश देत नाही, त्यामुळे त्यात वर्ष घालवू नये.

'यश वाढवणारे' म्हणून काही जोड-उपचारही सुचवले जातील. गर्भाशयाच्या अस्तराला ओरखडा देणे, बीजांडकोशात पीआरपी (स्वतःच्या रक्तातून काढलेला प्लेटलेटयुक्त द्रव) सोडणे, प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी इंट्रालिपिड या स्निग्ध द्रवाच्या सलाइन लावणे, असे हे उपचार असतात. यांच्यामुळे मूल होण्याची शक्यता वाढते, असा भरवशाचा पुरावा नाही आणि युरोपातील तज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या शिफारशींतही त्यांचा सरसकट वापर करू नये असेच म्हटले आहे. एकापेक्षा अधिक भ्रूण सोडण्याचा आग्रह झाला, तर जुळ्यांची गर्भावस्था ४१व्या वर्षी आई आणि बाळे दोघांनाही किती जोखमीची असते, हे विचारात घ्यावे.

सहायक प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायदा २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून देशात लागू आहे. प्रत्येक केंद्राची नोंदणी त्यानुसार सक्तीची आहे. यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम आणि जुळ्या-तिळ्यांचा धोका यांविषयी जोडप्याचे समुपदेशन करणे हे केंद्राचे कर्तव्य आहे. लेखी संमतीशिवाय उपचार करता येत नाहीत, आणि तक्रार निवारण कक्षही असावाच लागतो. पॅकेज समजावून देणे म्हणजे समुपदेशन नव्हे. नोंदणी प्रमाणपत्र पाहण्याची विनंती निःसंकोच करावी.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगायला हवी. केंद्रीय दत्तक नियमांनुसार दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी पती-पत्नीच्या वयांची बेरीज नोंदणीच्या दिवशी ८५ पेक्षा अधिक असून चालत नाही. आपली बेरीज आज नेमकी ८५ आहे. लग्नाला दोन वर्षे झालेली असण्याची अटही आपण पूर्ण करता. दत्तक घेण्याचा विचार मनात कधीही आला असेल, तर पुढच्या वाढदिवसापूर्वी नोंदणी करून ठेवावी. प्रतीक्षा मोठी असते आणि नोंदणी केली म्हणजे उपचार सोडले असे होत नाही. उलट, किती आयव्हीएफनंतर थांबायचे, हे दोघांनी उपचार सुरू होण्यापूर्वीच ठरवले आणि पुढची वाट डोळ्यांसमोर असली, तर अपयशाच्या काळात एकमेकांना सांभाळणे सोपे जाते.

प्रश्न : आमचा एकुलता एक मुलगा गेल्या वर्षी अपघातात गेला. माझे वय ४८ आणि पतींचे ५४ आहे. माझी पाळी अनियमित झाली आहे. टेस्ट ट्यूब बेबी करून घ्या, मुलगाच होईल अशीही सोय असते, असे नातेवाईक सांगतात. हे या वयात शक्य आहे का?
– नाव प्रसिद्ध करू नये, सांगली जिल्हा

उत्तर : आपल्या दुःखावर कोणतेही उपचार केंद्र औषध देऊ शकणार नाही, हे आपण जाणताच, तरीही घरात पुन्हा मूल असावे ही इच्छा स्वाभाविक आहे आणि तिच्याबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही.

कायद्याने स्त्रीला वयाच्या ५० पर्यंत आणि पुरुषाला ५५ पर्यंत हे उपचार घेता येतात, म्हणजे आपल्याला दार उघडे आहे, पण फार काळ नाही. स्वतःच्या स्त्रीबीजापासून ४८व्या वर्षी मूल होण्याची शक्यता जवळपास नसते. दात्या स्त्रीच्या बीजापासून ती बरीच असते, कारण यश बीजाच्या वयावर अवलंबून असते. अशी दाती २३ ते ३५ वयोगटातील असावी लागते, ती नोंदणीकृत बीज-बँकेमार्फतच मिळते, आयुष्यात एकदाच बीजदान करू शकते आणि तिच्याकडून सातपेक्षा अधिक स्त्रीबीजे घेता येत नाहीत. जन्मणारे मूल कायद्याने पूर्णपणे आपलेच असते आणि त्याला सर्व हक्क मिळतात. मात्र आधी फिजिशियनकडून हृदय, रक्तदाब आणि साखर यांची काटेकोर तपासणी करून घ्यावी. या वयातील गर्भावस्थेत रक्तदाब वाढण्याचा, मधुमेहाचा आणि सिझेरियनचा धोका तरुण स्त्रीपेक्षा खूपच अधिक असतो. तज्ज्ञाने नको म्हटले, तर होय म्हणणारा डॉक्टर शोधत फिरू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मुलगाच होण्याची सोय करून देतो, असे कोणी म्हटले, तर तेथून तत्काळ निघावे. लिंगनिवड हा वर सांगितलेल्या सहायक प्रजनन कायद्याने आणि १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानेही गंभीर गुन्हा आहे. नातेवाईक प्रेमाने 'तोच परत येईल' असे म्हणत असतील. येणारे बाळ मात्र वेगळे माणूस असणार आहे आणि त्याच्यावर दादाची जागा भरून काढण्याचे ओझे पडता कामा नये. यासाठी उपचारांपूर्वी दोघांनीही मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा शोकाविषयी काम करणाऱ्या समुपदेशकाकडे काही वेळा जावे. वर्ष हा अशा शोकाला थोडा काळ आहे. आपल्या वयांची बेरीज १०२ होत असल्याने दत्तक नियमांनुसार आठ वर्षांवरील मूल आपल्याला घेता येईल, आणि या वयाची कितीतरी मुले घराची वाट पाहत असतात, हेही लक्षात असू द्यावे.

प्रश्न : माझे वय ३८ आहे. माझ्या सर्व तपासण्या झाल्या, पण पती वीर्यतपासणीला तयार नाहीत. ते नियमित जिमला जातात, प्रकृती उत्तम आहे आणि दोष त्यांच्यात असूच शकत नाही, असे सासूबाईही म्हणतात. त्यांच्या तपासणीशिवाय उपचार सुरू करावेत का?
– एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : करू नयेत. अपत्य न होण्याच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाच्या बाजूचे कारण एकटे किंवा स्त्रीच्या कारणाबरोबर असते, आणि शरीर धडधाकट असण्याचा शुक्राणूंशी संबंध नसतो. जिममध्ये कोणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने किंवा तशी पूरके देत असेल, तर शुक्राणू तयार होणेच थांबू शकते. ती बंद केल्यावर बहुधा ते पूर्ववत होतात, पण त्याला अनेक महिने लागतात आणि ३८व्या वर्षी ते महिने मोलाचे आहेत. तंबाखू आणि गुटखा यांविषयीही विचारावे. आपण स्वतः सांगून उपयोग होत नसेल, तर आपल्या डॉक्टरांनी दोघांना एकत्र बोलावून ही तपासणी नेहमीचीच असल्याचे सांगावे. सासूबाईंना त्या चर्चेत आणण्याची गरज नाही. दोन ते सात दिवसांच्या ब्रह्मचर्यानंतर नमुना द्यायचा असतो. प्रयोगशाळेत अवघडल्यासारखे वाटत असेल, तर बऱ्याच ठिकाणी घरी काढलेला नमुना, शरीराजवळ उबेत ठेवून तासाभराच्या आत आणून दिला तरी चालतो. डबी आधी तेथूनच न्यावी. अहवालात काही उणे आढळले, तर सुमारे तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी आणि दरम्यान मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवावे.