शेफर्डच्या पिल्लाचे पुढचे पाय वाकताहेत: आधी कॅल्शियमची बाटली बघा

देवगडहून तुम्ही लिहिलंय की चार महिन्यांचा जर्मन शेफर्ड पुढचे पाय बाहेर टाकतो, मधूनच लंगडतो. खाण्यात पपी फूड, वर नाचणीची पेज, बांगडा आणि सकाळ-संध्याकाळ कॅल्शियमचं सिरप. वाचून काळजात धस्स झालं, कारण आमच्याकडेही नेमकं हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही, तेव्हा एक्स-रे आधी काढून घ्या, त्यासाठी लांब जावं लागलं तरी.

माझा संशय सिरपवर आहे. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याचं आतडं नको असलेलं कॅल्शियम बऱ्यापैकी सोडून देतं. पिल्लाला साधारण सहा महिन्यांपर्यंत ते जमत नाही, जितकं पोटात जाईल त्याच्या प्रमाणात अंगात शोषलं जातं. मोठ्या जातीत त्याने हाडांची वाढ बिघडते, सांध्यांची कूर्चा नीट तयार होत नाही, पाय वाकतात. हिशेब करा: १.२ टक्के कॅल्शियमचं ४०० ग्रॅम फूड म्हणजे ४.८ ग्रॅम आधीच पोटात. वरून बाटली कशाला? त्यात बहुधा ड-३ जीवनसत्त्वही असतं, तेही जास्त झालं तर घातकच.

आम्हाला ती बाटली ज्या दवाखान्यातून मिळाली, तिथे पिल्लू काय खातं एवढंही कुणी विचारलं नाही. शेफर्ड दिसला की बाटली पुढे. पाय वाकल्यावर डोस वाढवून दिला! ते आठवलं की अजून संताप होतो. तुम्हाला कोणी डोस वाढवायला सांगितलं, तर रोजच्या खाण्याचा हिशेब त्यांच्यासमोर ठेवा आणि मगच ठरवा.

फूडच्या पाकिटावर ‘मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी’ असं लिहिलेलं बघा. कॅल्शियमचा फक्त किमान आकडा छापलेला असेल तर कंपनीला कमाल विचारा. कोरड्या वजनावर, म्हणजे फूडमधला पाण्याचा अंश वगळून, १.८ टक्क्यांच्या वर नको. निव्वळ घरच्या भात-चिकनवर वाढणाऱ्या पिल्लाची गोष्ट उलटी. त्यात कॅल्शियम जवळपास नसतंच, ते घालावंच लागतं. अंड्याच्या टरफलाच्या बारीक पुडीच्या एका सपाट चहाच्या चमच्यात सुमारे २ ग्रॅम असतं, पण किती घालायचं ते वजन बघून डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

नाचणी थोडी चालेल, पण पेजेने पोट भरून फूड उरायला नको. बांगडा उकडून, काटे काढून, मीठ-मसाल्याशिवाय. सुकट, सुके बोंबील नकोत. धुतले तरी खारटपणा उरतो. पिल्लू गुबगुबीत करू नका: बोटं फिरवली की बरगड्या लागल्या पाहिजेत. वजनाचा भार त्याच कोवळ्या हाडांवर येतो. घरात गुळगुळीत लाद्या असतील तर त्याच्या वाटेवर गोणपाट टाका.

आणि पावसाळ्यात १५ किलोचं पोतं आणू नका. आपल्या दमट हवेत उघडं फूड लगेच बुरसतं, आणि त्या बुरशीचं विष उकळूनही जात नाही, थेट यकृतावर जातं. छोटं पाकीट, घट्ट झाकणाचा डबा. वास बदलला तर सरळ फेकून द्या, कोंबड्यांनाही घालू नका.