एमएस असलेल्या बाईचं फेशियल-वॅक्सिंग करावं का?

प्रश्न: मालवणात माझं छोटं पार्लर आहे. नेहमीच्या एका ताईंना मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) निघालाय. क्लासच्या वहीत तो 'कॉन्ट्राइंडिकेशन'च्या, म्हणजे मनाईच्या यादीत आहे. त्यांना नाही म्हणू का?

उत्तर: अजिबात नको. ह्याच यादीवरून मी क्लासमध्ये भांडले होते. मनाई दोन तऱ्हेची असते. काही आजारांत हातच लावायचा नाही, काहींत पद्धत बदलायची. एमएस दुसऱ्यातला. तो लागट नाही, स्नायूंचाही नाही. शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेतल्या तंतूंवरचं मायलिन नावाचं आवरण खाते, जागोजागी व्रण उरतात.

खरी वैरीण वाफ. अंगाचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी नजर धूसर होते, पाय जड पडतात. याला उथॉफचा परिणाम म्हणतात. आपल्याकडे मे महिन्यात घामच वाळत नाही, नुसत्या पंख्यावर भागत नाही. सकाळची पहिली वेळ द्या, एसी लावा, स्टीमर बंद, गरम टॉवेलही नको. अंग थंड झालं की त्रास उतरतो. नवीन लक्षण 24 तासांवर टिकलं तर तो रिलॅप्स, म्हणजे आजाराचा नवा झटका असू शकतो, डॉक्टरकडे पाठवा.

वॅक्सच्या वेळी "गरम लागतंय का?" विचारून उपयोग नाही, कातडी बधिर असेल तर त्यांना कळणारच नाही. दोन छोट्या बाटल्या घ्या, एकीत गार पाणी, दुसरीत कोमट. डोळे मिटायला सांगून त्या जागी आळीपाळीने टेकवा. फरक सांगता आला नाही तर तिथे गरम वॅक्स नाही, गॅल्व्हॅनिक (हलक्या विजेचं मशीन) पण नाही. पेडिक्युरचं पाणी आपल्या मनगटावर बघा, कोमटच हवं. पाय ताठरला तर ओढून सरळ करू नका, थांबा.

हेड मसाजमध्ये हनुवटी छातीला लावायची सवय मोडा. मान पुढे वाकली की काहींच्या पाठीतून विजेसारखी कळ जाते, तिला लर्मिटची खूण म्हणतात. चेहऱ्यात सणका येत असतील तर थ्रेडिंग नको.

आणि हो, आधी दोन गोष्टी विचारा. इंजेक्शन कुठे घेता? पोट, मांडी, दंड, जिथे टोचतात तिथे मसाज-वॅक्स नाही. स्टेरॉइड चालू आहेत का? बरेच दिवस चालू असतील तर कातडी पातळ होते, पट्टीबरोबर सोलून येते. लघवीची घाई अचानक लागते, तेव्हा संडासाजवळची खुर्ची त्यांना द्या.