ओळीच्या शेवटची रेघ

दांडिया बाजार, बडोदे

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

जुन्या पुस्तकाच्या स्कॅनवरून यंत्राने उतरवलेली आणि तू तपासून पाठवलेली वीस पानं पाहिली. ऱ्हस्व-दीर्घात बोट ठेवायला जागा नाही. रेघांकडे मात्र तू पाहिलंच नाहीस. ओळीच्या शेवटची प्रत्येक रेघ एका फटक्यात उडवलीस ना? ओळखलं, कारण मीही एकदा तेच केलं होतं. मूळ छापात ‘१८-’ वर ओळ संपत होती आणि खाली ‘१९ वर्षांची मुलगी’ होती. माझ्या कृपेने ती १८१९ वर्षांची झाली. पुढे एका वाचकाने विचारलं, आजीबाईंची तब्येत कशी आहे?

खिळे जुळवणारा ओळ बसवायला शब्द मोडायचा. ‘कार-’ आणि खाली ‘भार’, ही रेघ त्याची. ती काढ, नाहीतर ‘कारभार’ शोधणाऱ्याला ते पान सापडायचंच नाही. पण ‘घर-’ खाली ‘दार’ आलं की थांब. लेखकाचं घरदार की घर-दार? इथे तुझी-माझी आवड चालत नाही. त्याच पुस्तकात हा शब्द ओळीच्या मधोमध कुठे आलाय ते शोध आणि तिथे असेल तसा ठेव. कुठेच नाही सापडला, तर डिस्ट्रिब्यूटेड प्रूफरीडर्सची मंडळी, म्हणजे जुनी पुस्तकं इंटरनेटवर मिळून तपासणारे स्वयंसेवक, करतात तसं कर: रेघ ठेवून तिच्यापुढे तारांकन, म्हणजे पुढचा माणूस बघेल. पानाच्या शेवटी तुटलेल्या शब्दालाही ते तेच लावतात. मला ही पद्धत आवडते. दामटून ठरवण्यापेक्षा बरी.

लांब रेघ, म्हणजे अपसारणचिन्ह, हे प्रकरणच निराळं. ‘मी येणार होतो, पण—’ इथे बोलणारा अडलाय. तिथे आखूड संयोगचिन्ह टाकलंस, तर पुढचा शब्द गळाला असंच वाटेल. ‘रा. रा. ——’ अशी लांबलचक रेघ दिसली, तर नाव मुद्दाम झाकलंय. डाग समजून पुसू नकोस. सालांमधली, उदाहरणार्थ सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीची १८७५–१९३९, ती मधल्या मापाची. कीबोर्डवर एकच सापडते म्हणून तिन्हीकडे तीच नको.

आणि ‘पुढीलप्रमाणे :-’ यातली दोन टिंबं यंत्र कधीकधी विसर्ग म्हणून उचलतं. डोळ्यांना चटकन कळत नाही, शब्द शोधायला गेलं की अडतं.

स्कॅनमध्ये रेघ आहे की शिरोरेघेचा तुटका तुकडा, ते कळेना, तर मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत मूळ प्रत मिळते का बघ. १९१० सालापासूनचं ग्रंथालय आहे, जुनं मराठी तिथे नाही मिळायचं तर कुठे? परतताना इकडे ये, सेवउसळ खाऊ. पानं मात्र बरोबर आण, सतरावं आधी. तिथे तू ‘आई-’ आणि ‘बाप’ चिकटवून मोकळा झालास. चारच ओळी वर ‘आई-बाप’ रेघेसकट छापलंय.

तुझा,
काका