पॉइंट टू टू (.२२ बोअरच्या) रायफलला चांगला ट्रिगर बसवला तर नेम खरंच सुधारतो का?

सुधारतो. तुम्ही लिहिलंय की वाळूच्या पिशवीवर टेकवून मारलं की ५० मीटरवर ग्रुप (टार्गेटवर गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) छान येतो, उभं राहून मारलं की पसरतो, आणि क्लबातले म्हणतात, रायफल चोख आहे, तुमचाच हात कच्चा आहे. अगदी याच शब्दांत माझ्या लेकीला ऐकवलं गेलंय, म्हणून लिहायला बसलो.

मी सोलापूरचा, यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. लेकीला नेमबाजीचा नाद एनसीसीत लागला, तिथल्या पॉइंट टू टूवर. मग इथल्याच एका क्लबात दहा मीटर एअर रायफल सुरू केली. तिथल्या सरांनीच एक जुनी रायफल ठरवून दिली, कॉम्प्रेस्ड हवेवरची. झटका जवळपास नाही, दिसायला चांगली. पोरगी उभी राहायची छान, श्वास छान, पण छर्रे सगळे डावीकडे खाली. सर म्हणायचे घाबरते, बोट झटकते. एक दिवस त्यांनी सगळ्यांसमोर ती रायफल पिशवीवर टेकवली, पाच छर्रे मारले, एकात एक गेले. "बघा, रायफल बोलली," म्हणाले, "आता हिला दुसरा खेळ बघा." लेक घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

मला ते पटलं नव्हतं. मागावर कापडात दोष आला की आम्ही आधी विणकराला शिव्या देत नाही, माग उघडतो. दुसऱ्या दिवशी क्लबात मी तिच्या बोटाकडे बघत बसलो. पेराच्या मांसात ट्रिगरचा पांढरा वळ उठत होता. बोट दाबत जायचं, मध्येच अडायचं, आणखी जोर लावला की एकदम सुटायचं. मग रायफल रिकामी करून ताणकाट्याचा हूक ट्रिगरला अडकवला आणि हळूहळू ओढला. एकदा दीड किलोला सुटली, एकदा दोनला, एकदा त्याहून वर. खरा आजार हाच. ट्रिगर जड असला तर एक वेळ सवय होते. दर वेळी वेगळ्या वजनाला सुटणाऱ्या ट्रिगरची सवय कुणालाच होत नाही.

नंतर नळीच्या टोकाजवळ रुपयाचं नाणं ठेवून तिला मारायला लावलं. छर्रा सुटायच्या आधीच नाणं खाली. सरांना म्हटलं, तुम्ही मारून बघा. त्यांच्याही हातून पडलं. ते म्हणाले, आज चहा जास्त झालाय.

आता पिशवीचं. ट्रिगर नळी बदलत नाही, गोळी बदलत नाही. पण पिशवीवर रायफलचं सगळं वजन पिशवी धरते, दोन किलोचा ओढा असला तरी रायफल जागची फारशी हलत नाही. उभ्या माणसाच्या हातात चार-पाच किलोची रायफल नुसती तोललेली असते. तिला मागे-बाजूला दोन किलोनं ओढलं तर ती हलणारच. म्हणून पिशवीवरचा ग्रुप नळीची आणि गोळीची परीक्षा घेतो, ट्रिगरची फारशी घेत नाही. हे सरांना मी पुष्कळदा सांगितलं, आजही त्यांना मान्य नाही.

हिशोब करून बघा. नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये ८० सेंटिमीटर अंतर धरा. पुढची साइट ०.१ मिलिमीटर सरकली तर दहा मीटरवर छर्रा सव्वा मिलिमीटर सरकतो, म्हणजे टार्गेटवरची अर्धी रिंग. ५० मीटरवर तीच चूक सहा मिलिमीटरच्या वर जाते. तिथला दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा, म्हणजे मधोमध जाणारी गोळी कडेला गेली. सर म्हणायचे, गड्ड्याच्या जत्रेत वाकड्या बंदुकीनंही लोक फुगे फोडतात की! फुगा वीतभर असतो. एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे.

आणि स्वप्निल कुसाळेचं नाव पुढे करायचे. कांबळवाडीचा पोरगा, २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायचं) ब्राँझ, तो काय ट्रिगरची तक्रार करत बसला का? अहो, त्या पातळीवर कुणीही दोन किलोचा ट्रिगर ओढत नाही. १० मीटर आणि ५० मीटर रायफलला ट्रिगरच्या वजनाची किमान मर्यादाच नाही, म्हणून मॅच म्हणजे स्पर्धेच्या रायफलींचे ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आसपास आणि त्याखालीही लावलेले असतात. दोन टप्प्यांचे: पहिल्या टप्प्यात बोट निवांत टेकतं, मग एक स्पष्ट भिंत लागते, आणि तिथून केसभर दाबलं की सुटते.

आमची रायफल पुण्याला परवानाधारक गनस्मिथकडे नेली. आत ग्रीस वाळून धूळ बसलेली, सिअरची (ट्रिगर दाबेपर्यंत यंत्रणा अडवून धरणाऱ्या खटक्याची) कड झिजलेली. त्यानं साफ केलं, कड पॉलिश केली, स्प्रिंग बदलली, सुटल्यावर ट्रिगरला फार मागे जाऊ न देणारा स्क्रू बसवला. आधी तिचे दहा छर्रे दहाच्या नाण्याखाली झाकले जात नव्हते. काही आठवड्यांनी रुपयाच्या नाण्याखाली मावायला लागले. सर म्हणतात सरावानं झालं. सराव ती आधीही तेवढाच करत होती.

तुमचं म्हणाल तर पिशवीवर ग्रुप चांगला येतोय, म्हणजे ट्रिगरवर पैसे घालायला हरकत नाही. पिशवीवरच पसरत असता तर आधी गोळ्या बदलून बघा म्हटलं असतं. पॉइंट टू टूची नळी गोळीच्या बाबतीत फार चोखंदळ असते. स्टँडिंगचा पाया, स्लिंग (हाताला अडकवायचा पट्टा), फॉलो थ्रू (गोळी सुटल्यावरही नेम धरून राहणं) यातलं काही ट्रिगर शिकवणार नाही. किती रिंगा वाढतील ते मी सांगणार नाही, सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका.

एक राहिलंच. पॉइंट टू टू परवान्याचं हत्यार आहे, घरी कानस घेऊन सिअर घासायला बसू नका. कड जास्त गेली तर रायफल नुसती आपटली तरी सुटेल. हलका ट्रिगर लावल्यावर बोट टार्गेटवर नजर बसेपर्यंत ट्रिगरभोवतीच्या गार्डच्या बाहेर.

आधी ताणकाटा आणा. रायफल रिकामी आहे हे दोनदा बघून ट्रिगर दहा वेळा ओढा आणि आकडे इथं लिहा, मग बोलू.